लोकलमध्ये, स्वयंपाकघरात, आजाऱ्याच्या उशाशी : ध्यानप्रार्थनेविषयी वाचकांचे प्रश्न

देवाच्या सान्निध्यात राहण्याविषयी या सदरात लिहिल्यानंतर वाचकांची जी पत्रे आली, त्यांतली चार येथे घेतली आहेत. पत्रे लांब होती. मुद्दा राखून ती थोडक्यात दिली आहेत. ‘ध्यानप्रार्थना’ हा शब्द मी एका ठरावीक अर्थाने वापरतो, तो आधी सांगितलेला बरा. तोंडाने म्हणायची प्रार्थना असते, वचनावर मनन करण्याची प्रार्थना असते, आणि त्यापलीकडे, आपल्यावर प्रेम करणाऱ्या देवासमोर नुसते हजर राहण्याचीही एक प्रार्थना असते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील आर्स या खेड्यात संत जॉन मेरी व्हियान्नी धर्मगुरू होते. त्यांच्या देवळात एक शेतकरी बराच वेळ काही न बोलता बसून राही. त्याने आपल्या प्रार्थनेविषयी त्यांना एवढेच सांगितले की, मी त्याच्याकडे पाहतो आणि तो माझ्याकडे पाहतो. यापेक्षा सोपी व्याख्या मला ठाऊक नाही.

प्रश्न : मी वसईत राहते आणि नोकरीसाठी रोज अंधेरीला जाते. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात तीन दिवसांच्या साधनेला गेले होते. तिथे देव इतका जवळ वाटला की, रडू आवरेना. घरी परतल्यावर दोन दिवसांत सगळे ओसरले. सकाळचे डबे, गाडीची गर्दी, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई, मुलांचा अभ्यास यांत देवासाठी जागाच उरत नाही. ही प्रार्थना माझ्यासारख्या संसारी बाईसाठी आहे, की फक्त मठातल्या सिस्टरांसाठी?

ताई, तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी अडखळलो. देवासाठी जागाच उरत नाही, असे तुम्ही लिहिता. जणू देव हा पाहुणा आहे, आणि घर आवरून झाल्याशिवाय त्याला आत कसे घ्यावे, अशी तुम्हाला काळजी लागली आहे. बायबलमधल्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची गोष्ट आहे. भावाला फसवून, त्याच्या रागाच्या भीतीने तो घर सोडून निघालेला असतो. वाटेत सूर्य मावळतो, तेव्हा उशाला धोंडा घेऊन तो उघड्यावर झोपतो. जाग आल्यावर तो म्हणतो, खरोखर परमेश्वर या ठिकाणी आहे आणि मला ते ठाऊक नव्हते. तो साधनेला गेलेला नव्हता, त्याने काही आवरले नव्हते, उलट घरात मोठा गोंधळ घालून तो निघाला होता. देव तेथे आधीपासूनच होता. याकोबाला तेवढी जाग आली. ध्यानप्रार्थनेने देव येत नाही, आपल्याला जाग येते. साधनेच्या त्या तीन दिवसांत तुमची झोप पुरी झाली, कोणी हाक मारली नाही, ताटावर बसल्यावर कोणी उठवले नाही, म्हणून तुम्हाला लवकर जाग आली. ते रडू खरे होते, ती देणगी होती. मात्र ते प्रार्थनेचे माप नव्हे. साधनेला गेल्यावर अमुक अनुभव येईलच, असे सांगणारी शिबिरे मला आवडत नाहीत, कारण तेथून माणसे घरी परततात ती एका आठवणीचा पाठलाग करीत.

मठातल्या लोकांचे म्हणाल, तर या बाबतीत माझा सर्वांत मोठा गुरू मठातलाच आहे, परंतु त्याचे आयुष्य स्वयंपाकघरात गेले. ब्रदर लॉरेन्स यांचे मूळ नाव निकोला एर्मां. फ्रान्सच्या सीमेवरच्या लोरेन प्रांतात एका गरीब घरात त्यांचा जन्म झाला. सतराव्या शतकात युरोपात झालेल्या ‘तीस वर्षांच्या युद्धा’त ते शिपाई म्हणून लढले आणि जखमी झाले. पुढे जन्मभर लंगडत चालले. अठरा वर्षांचे असताना हिवाळ्यात त्यांनी एक निष्पर्ण झाड पाहिले. काही दिवसांनी याला पुन्हा पालवी फुटेल, मोहोर येईल, फळे धरतील, हा विचार त्यांच्या मनात आला आणि देवाच्या सामर्थ्याची व काळजीची जी जाणीव त्या क्षणी झाली, ती कधी पुसली गेली नाही. १६४० साली ते पॅरिसमधील कार्मेल या संन्यासी संघाच्या मठात दाखल झाले. धर्मगुरू होण्याइतके शिक्षण नव्हते, म्हणून त्यांना स्वयंपाकाचे काम मिळाले, आणि ते त्यांना मनापासून नावडते होते. तरीही सुमारे पंधरा वर्षे त्यांनी ते केले, आणि त्यानंतर मठातल्या लोकांच्या चपला शिवल्या. मठासाठी द्राक्षारस आणायला त्यांना दूर बर्गंडीला पाठवले जाई, तेव्हा पाय अधू असल्यामुळे बोटीवर पिंपांवरून लोळत सरकावे लागे. हे काम तुझेच आहे, असे देवाला सांगून ते ते काम करीत आणि ते नीट पार पडे, असे त्यांनी सांगितले आहे. तव्यावर ऑम्लेट उलटायचे तेही देवाच्या प्रेमासाठी, आणि दुसरे काही करता आले नाही तर जमिनीवरची एक काडी उचलायची तीही त्याच्या प्रेमासाठी, अशी त्यांची रीत होती. भांड्यांचा खणखणाट चालू असताना, चार माणसे चार गोष्टी एकाच वेळी मागत असतानाही आपल्याला पवित्र साक्रामेंतापुढे, म्हणजे देवळात ख्रिस्ताचे शरीर म्हणून ठेवलेल्या पवित्र भाकरीपुढे, गुडघे टेकल्यासारखी शांती लाभते, असे ते म्हणत.

हे वाचून तुम्ही म्हणाल, ते संत होते. त्यांच्या पत्रांतली एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मठात आल्यावर पहिली दहा वर्षे आपण फार सोसले, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. आपली पापे सतत डोळ्यांसमोर येत, आपण पडत आणि पुन्हा उठत राहिलो, असे ते सांगतात. तुमचे दोन दिवसांत ओसरले. त्यांची दहा वर्षे गेली. तेव्हा घाई कशाची?

माझी आई अक्षरओळख नसलेली होती. आमची वसईतच मोगऱ्याची छोटी वाडी होती. भल्या पहाटे कंदील घेऊन ती कळ्या खुडायला जाई, कारण पहिल्या गाडीने फुले दादरच्या बाजारात पोहोचायला हवी असत. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. टोपली धरायला मी मागे उभा असे. अंगठा आणि पहिले बोट यांच्यात देठ धरून ती कळी अशी काढी की, शेजारच्या पानाला धक्का लागत नसे. एरवी दिवसभर बोलणारी आई तेव्हा अगदी गप्प असे. एकदा मी तिला विचारले, आई, अंधारात एकटीला भीती नाही वाटत? ती म्हणाली, एकटी कुठे? तोपण खुडतोय ना. तो कोण, हे मी विचारले नाही. आमच्या घरात ‘तो’ एकच होता. पुढे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू होण्याच्या शिक्षणात, ध्यानप्रार्थनेवर व्याख्याने ऐकली, तेव्हा प्रत्येक वेळी मला त्या कंदिलाच्या उजेडातली तिची बोटे दिसत.

आता तुमच्यासाठी काही ठोस सांगतो. रोज दहा मिनिटे वेगळी काढा. माझे सारे काम हीच प्रार्थना आहे, असे पुष्कळजण म्हणतात, आणि बहुतेक वेळा त्याचा अर्थ प्रार्थना सुटली आहे असाच असतो. ब्रदर लॉरेन्सही मठाच्या प्रार्थनेच्या वेळा पाळत होते, आणि प्रभू येशूही पहाटे अंधार असतानाच उठून एकांतात जाऊन प्रार्थना करीत असे, हे मार्काच्या शुभवर्तमानात आहे. ही दहा मिनिटे मोबाइल हातात घेण्यापूर्वीची असावीत. पाठ ताठ ठेवून बसा, क्रूसाची खूण करा, ‘प्रभो, तू येथे आहेस’ एवढे म्हणा आणि मग बोलणे थांबवा. मन हलले की ‘येशू’ हे नाव एकदा हळूच घ्या. ही दहा मिनिटे तुम्हाला मिळावीत, म्हणून मुलांचे डबे भरायचे काम घरातल्या दुसऱ्या कोणीतरी करायला हवे, हेही मला स्पष्ट लिहिले पाहिजे. पत्रात तुमच्या यजमानांचा उल्लेख नाही. हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

उरलेल्या दिवसासाठी दोन-तीन जागा ठरवून घ्या, जिथे तुमचा हात किंवा पाय रोजच पोहोचतो. गॅस पेटवताना, लेडीज डब्यात पाय ठेवताना, सासूबाईंची कूस बदलताना. त्या क्षणी एकदा त्याच्याकडे वळायचे, शब्दांनी किंवा शब्दांवाचून, आणि मग हातातले काम नीट करायचे. कूस बदलताना पवित्र विचार मनात आणण्याची धडपड करू नका. त्यांच्या खांद्याखाली हात कसा जातो, चादरीला चुणी पडते का, त्यांना कुठे दुखते, याकडेच लक्ष द्या. मी आजारी होतो आणि तुम्ही माझा समाचार घेतला, असे प्रभूने सांगितले आहे. त्या अर्थाने तुम्ही ज्याला शोधत आहात, त्याचेच अंग तुम्ही रोज पुसता. कधी वैताग येईल, त्यांच्यावर आवाज चढेल. तसे झाले की मनाला बोल लावत बसू नका. ब्रदर लॉरेन्सांकडून चूक होई, तेव्हा ते देवाला एवढेच म्हणत की, तू मला माझ्यावर सोडलेस तर मी असेच वागणार, आणि मग त्या चुकीचा घोर न करता पुढच्या कामाला लागत.

प्रश्न : वीस मिनिटे मौन पाळून बसलो की मन शंभर ठिकाणी फिरते. घराचे हप्ते, ऑफिसातले भांडण, जुने अपमान. वरच्या मजल्यावर मिक्सर, खाली रिक्षांचे हॉर्न. कधी कधी तर बसल्या जागी झोप लागते. यापेक्षा सरळ जपमाळ म्हणावी, असे वाटते.

जपमाळ अवश्य म्हणा. तीही सावकाश म्हटली की ध्यानप्रार्थनेत उतरते. पण पळवाट म्हणून तिच्याकडे जाऊ नका, कारण जपमाळेतही मन फिरेलच. ओठ हलत असतात म्हणून तेवढे कळत नाही.

स्पेनमधील आविलाची संत तेरेसा (१५१५–१५८२) ही चर्चची आचार्य, म्हणजे जिची शिकवण साऱ्या चर्चने मार्गदर्शक मानली अशी संत, आहे. १९७० साली तिला तो मान देण्यात आला. तिने आपल्या तरुणपणाविषयी प्रांजळपणे लिहिले आहे की, प्रार्थनेला बसल्यावर कित्येकदा तिचे लक्ष देवापेक्षा तास कधी पुरा होतो आणि घड्याळाचा टोला कधी पडतो इकडेच असे, आणि प्रार्थनागृहात पाऊल टाकतानाच मनावर मळभ येई. हीच बाई पुढे प्रार्थनेची व्याख्या करते, ती अशी की, जो आपल्यावर प्रेम करतो हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याशी वारंवार एकांतात केलेला स्नेहसंवाद. यात एकाग्रतेचा शब्दही नाही. मैत्रीत आपण परीक्षेला बसल्यासारखे बसत नाही. मित्राच्या घरी गेल्यावर खिडकीबाहेर काही वाजले तर तिकडे नजर जाते, आणि पुन्हा त्याच्याकडे वळते. नजर गेली म्हणून मैत्री मोडत नाही.

मन भरकटण्याविषयी तिने एक फार उपयोगी गोष्ट सांगितली आहे. मनातली विचारांची वटवट आणि मनाचा खोल भाग, जो देवाकडे लागलेला असतो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे उमगायला तिला बरीच वर्षे लागली आणि तोवर तिने स्वतःला फार छळले. मग ती म्हणते की, हे चक्कीचे खडखडणे चालू राहू द्यावे आणि आपण आपले पीठ दळावे. गिरणीत उभे राहिलेल्या कुणालाही हे पटेल. पट्टा करकरतो, जाते घरघरते, बोललेले ऐकू येत नाही, तरी खाली डब्यात पीठ पडतच असते. आवाज थांबवायला गेलो तर दळणच थांबेल. तुमच्या घराच्या हप्त्यांचा विचार आला, तर त्याला हाकलू नका आणि त्याच्यामागे हिशेब मांडतही जाऊ नका. प्रभूचे नाव घ्या आणि परत या. पाच मिनिटांनी पुन्हा तोच विचार आला, पुन्हा परत या. वीस मिनिटांत परत येण्यापलीकडे दुसरे काही घडले नाही, तरी त्या दिवशीची प्रार्थना झाली असे समजा. माझ्या स्वतःच्या बऱ्याच दिवसांची प्रार्थना अशीच होते. जुन्या अपमानांचे मात्र वेगळे आहे. तोच माणूस, तेच वाक्य रोज मौनात येऊन उभे राहत असेल, तर तेथे क्षमा राहून गेली आहे. प्रार्थना संपल्यावर त्याचे नाव घेऊन देवाशी मोकळेपणाने बोला, आणि जमल्यास पापनिवेदनात फादरांशीही.

आवाज आणि झोप यांबद्दल फ्रान्समधील लिझ्यूच्या मठातल्या संत छोट्या तेरेसाकडे जाऊ या. ती १८९७ साली चोवीस वर्षांची असताना वारली. संध्याकाळच्या ध्यानाच्या वेळी तिच्या मागे बसणारी एक सिस्टर दोन शिंपले एकमेकांवर घासावेत तसा बारीक आवाज करीत असे. तेरेसाला त्याचा इतका त्रास होई की, अंगाला घाम फुटे. मागे वळून एकदा रोखून पाहिले असते तर काम झाले असते, पण ती वळली नाही. आवाज ऐकू न येण्याची धडपड तिने सोडून दिली आणि तोच लक्ष देऊन ऐकू लागली, जणू ते सुरेल वादन आहे, आणि ते वादन ती येशूला अर्पण करू लागली. मिक्सरचे असे करून पाहा. वरच्या मजल्यावर कोणाची तरी चटणी वाटली जात आहे, कोणाच्या तरी मुलाला डबा मिळणार आहे. त्या घरासाठी एक क्षण प्रार्थना करा आणि परत या. झोपेबद्दल तेरेसा म्हणते की, मुले जागी असोत वा झोपलेली, आईबापांना ती सारखीच लाडकी असतात. याला मी एवढेच जोडतो की, रोज झोप लागत असेल तर रात्री अर्धा तास आधी निजावे.

प्रश्न : मी अहिल्यानगरचा, प्रॉटेस्टंट मंडळीतला तरुण आहे. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणणे, डोळे मिटून मौन बसणे, हे मला आपले वाटत नाही. प्रभूने स्वतः मत्तय ६:७ मध्ये निरर्थक पुनरावृत्तीला मनाई केली आहे. मन रिकामे केले तर त्यात वाईट गोष्टी शिरतील, असे आमच्याकडे सांगतात. हे दुसऱ्या धर्मांतून उचललेले नाही का?

तुम्ही वचन पुढे ठेवून विचारता, याचा मला आनंद वाटतो. तेव्हा वचनानेच उत्तर देतो. मत्तय ६:७ मध्ये प्रभूचा रोख एका समजुतीवर आहे, ती अशी की, पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो. पुढच्याच ओळीत तो म्हणतो, तुम्ही मागण्यापूर्वीच तुमच्या गरजा पित्याला ठाऊक आहेत. त्याच्या आधीची ओळही वाचा: खोलीत जा, दार लावून घे आणि गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. आता पुनरावृत्तीचे पाहा. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तीमय लोक दटावत असतानाही ‘दावीदपुत्रा, माझ्यावर दया कर’ हेच पुन्हा ओरडत राहिला, आणि येशू थांबला. प्रभूच्या दृष्टांतातला, मंदिरात दूर उभा राहिलेला जकातदार छाती बडवून एकच वाक्य बोलला आणि नीतिमान ठरून घरी गेला. आणि मरणाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत स्वतः प्रभूने तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली, असे त्याच मत्तयाने २६:४४ मध्ये नोंदवले आहे. त्या रात्री त्याच्यापाशी दुसरे शब्द उरलेच नव्हते. अतिशय दुःखात किंवा अतिशय प्रेमात माणसाचे शब्द कमी होतात आणि तेच तेच होतात. आपली आई आजारी असताना आपण तिच्याजवळ बसून ‘आई, आई’ एवढेच म्हणतो, तेव्हा त्याला निरर्थक बडबड कोण म्हणेल?

हे उसने आहे का, याचाही विचार करू. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात हजारो ख्रिस्ती साधक राहत होते. जॉन कॅसियन नावाचा ख्रिस्ती साधक त्यांच्यात जाऊन राहिला आणि त्यांची शिकवण त्याने पाचव्या शतकाच्या सुरुवातीस लिहून ठेवली. त्यात आब्बा (म्हणजे बाबा) इसहाक नावाचा वृद्ध साधक स्तोत्र ७० मधली पहिली ओळ, म्हणजे ‘हे देवा, माझ्या मदतीला ये, प्रभो, मला साहाय्य करण्यास त्वरा कर’ ही विनवणी, दिवसभर मनात धरून ठेवायला सांगतो. जेवताना, काम करताना, मोहाच्या वेळी, झोपी जाताना, जाग येताच. आजही कॅथॉलिक चर्चच्या नित्य प्रार्थनेची सुरुवात याच ओळीने होते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये शतकानुशतके चालत आलेली ‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवपुत्रा, मज पाप्यावर दया कर’ ही येशूनामाची प्रार्थना तर बार्तीमय आणि जकातदार यांच्या शब्दांनीच बनलेली आहे. ‘निरंतर प्रार्थना करा’ असे पौलाने थेस्सलनीकाकरांस लिहिले; वाळवंटातल्या त्या माणसांनी ते अक्षरशः कसे पाळता येईल, एवढाच शोध घेतला.

मन रिकामे करणे हे या प्रार्थनेचे ध्येय नाही, येथे मी तुमच्याशी सहमत आहे. आपण एका व्यक्तीकडे वळतो. तिचे नाव येशू आहे, तिच्या हातांवर खिळ्यांचे वण आहेत. मौन हे तिच्यासाठी केलेले असते. श्वासाची किंवा बैठकीची एखादी रीत शरीर स्थिर करायला उपयोगी पडते, पण त्या रीतीलाच कोणी प्रार्थना म्हणू लागला तर मीही हरकत घेईन. आणि तुम्ही ज्या भूमीतून लिहिता, तिथल्याच रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आठवण करून देतो. १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. त्यांचे अभंग आणि गीते तुमच्याच उपासनेत आजही गायिली जातात. सावता माळ्याला मळ्यातल्या भाजीत आपला देव दिसला, जनाबाईला जात्याशी तो भेटला, हे मराठी माणसाच्या कानावर लहानपणापासून पडलेले असते. शेजाऱ्याच्या घरीही कोणी देवापुढे गप्प बसतो, म्हणून आपण गप्प बसायला भ्यावे, असे मला वाटत नाही. बसताना आपण कोणासमोर बसलो आहोत, तेवढे स्पष्ट असू द्या. त्यासाठी प्रत्येक मौनाआधी शुभवर्तमानातला एक छोटा उतारा मोठ्याने वाचा. मार्क १०:४६–५२ पासून सुरुवात करा.

प्रश्न : मी नाशिकचा, निवृत्त शिक्षक. मागच्या वर्षी पत्नी वारली. चाळीस वर्षे आम्ही रोज संध्याकाळी एकत्र जपमाळ म्हणत होतो. आता प्रार्थनेला बसलो की आत नुसता कोरडा खड्डा वाटतो. देव आहे असे बुद्धीला पटते, पण जाणवत काहीच नाही. माझी श्रद्धा गेली का? निम्म्यावर आल्यावर माळ पुढे सरकत नाही. अर्धी राहिली तर चालेल का?

सर, तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि मग देवळात जाऊन बसलो.

सोळाव्या शतकातले स्पेनमधील कार्मेल संघाचे साधू, क्रूसाचे संत जॉन यांनी या कोरडेपणाविषयी जितके बारकाईने लिहिले, तितके क्वचितच कोणी लिहिले असेल. डिसेंबर १५७७ ते ऑगस्ट १५७८ या काळात त्यांच्याच संघातल्या बंधूंनी त्यांना तोलेदो शहरात एका अंधाऱ्या कोठडीत कोंडून ठेवले होते. त्यामुळे अंधाराविषयी ते ऐकीव बोलत नाहीत. हा कोरडेपणा देवाच्या मार्गावरचा आहे की नाही, हे ओळखायला त्यांनी तीन खुणा सांगितल्या. देवाच्या गोष्टींत गोडी वाटत नाही, तशी ती दुसऱ्याही कशात वाटत नाही. आपण देवाला अंतरलो की काय, ही काळजी मनाला लागून राहते. आणि पूर्वीसारखे मनन, कल्पना, विचार करू म्हटले तरी ते होत नाही. दुसऱ्या खुणेकडे पाहा. ज्याची श्रद्धा गेली, तो ती गेली का, असे विचारायला पत्र लिहीत नाही. ही तळमळ हीच तुमची आजची प्रार्थना आहे, आणि ती देवापर्यंत पोहोचते आहे.

पण याच ठिकाणी ते असेही सांगतात की, अशी अवस्था खिन्नतेच्या आजारानेही येऊ शकते. म्हणून विचारतो, झोप लागते का? जेवण जाते का? सकाळी उठणेच नको वाटते का? तसे असेल तर डॉक्टरांकडे जा, यात श्रद्धेची कमतरता मुळीच नाही. एलीया संदेष्टा थकून, मरण मागून रानातल्या एका झुडपाखाली आडवा झाला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू त्याच्या उशाशी ठेवला आणि म्हटले, ऊठ, खा. तो जेवला, पुन्हा झोपला. दूताने त्याला पुन्हा उठवून जेवू घातले, कारण पुढची वाट लांब होती. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेली देवाची ती शांत, मंद वाणी त्यानंतर चाळीस दिवसांनी आली. तुम्ही अजून झुडपाखाली आहात. कोणाच्या तरी हातचे गरम जेवण घ्या. मंडळीतल्या एखाद्या घरी आठवड्यातून दोन दिवस जेवायला जाण्याचे ठरवा, आणि त्यांनी आग्रह केला तर नाही म्हणू नका.

संध्याकाळच्या त्या वेळेविषयी माझी एकच सूचना आहे. वेळ मोडू नका, पण तिच्याकडून काही अपेक्षाही ठेवू नका. तुमच्या पत्नींची माळ घरात असेल, तर आपली बाजूला ठेवून ती हातात घ्या. काही दिवस ‘नमो मारिया’ ही मण्यामण्याला म्हणायची मरियेची प्रार्थना म्हणूच नका. चाळीस वर्षे त्यांच्या बोटांनी ते मणी झिजवले आहेत. तुम्ही फक्त धरून बसा. आर्सच्या त्या शेतकऱ्याने म्हटले होते, मी पाहतो आणि तो पाहतो. सध्या तुमच्याकडून पाहणे होत नसेल, तर त्याने पाहावे यासाठी तिथे बसून राहणे पुरे आहे.

आणि हो, अर्धी राहिली तर चालेल. आमच्या वसईत जुनी माणसे सांगत की, झोपेत हातातून गळलेली माळ राखणदार दूत पुरी करतो. लहानपणी मी आईला विचारले होते, मग आपण ती पूर्ण म्हणायचीच कशाला? ती म्हणाली, सुरू तर आपल्यालाच करावी लागते ना. ते काही दिवस सरले की तुम्ही सुरू करा, सर. जिथे थांबेल तिथे थांबू द्या, माळ उशाशी ठेवा आणि दिवा मालवून झोपा. पुढच्या महिन्यात मी नाशिकला येणार आहे. संध्याकाळी तुमच्याकडे येईन, आपण दोघे मिळून बसू.